दोनास एक: दूध मिसळायच्या तक्त्यावरची सीमारेषा

सांगली जिल्ह्यातली एक छोटी खाजगी डेअरी. सकाळी आसपासच्या गावांतून गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळ्या कॅनमधून येतं, तपासलं जातं, एका टाकीत मिसळलं जातं आणि 'मिश्र दूध' म्हणून पिशवीत भरलं जातं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकानुसार मिश्र दुधात फॅट किमान ४.५ टक्के आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, किमान ८.५ टक्के असावे लागतात. या प्रकरणातला सगळा गुंता 'किमान' या शब्दाभोवती आहे.

मिसळायचं काम सुपरवायझरकडे. माणूस अनुभवी. दूध धंद्यातले बरेच जण वापरतात तो पिअर्सनचा चौकोन त्याला तोंडपाठ: डावीकडे दोन दुधांचं फॅट लिहायचं, मधे हवं असलेलं फॅट, आणि तिरपी वजाबाकी करायची. गाईचं ३.५, म्हशीचं ६.५, हवं ४.५. म्हशीतून हवं ते वजा केलं की २, हव्यातून गाईचं वजा केलं की १. म्हणजे गाईचं दोन लिटर आणि म्हशीचं एक. "दोनास एक" हा त्याचा मंत्र.

पण दूध काही रोज दोनास एक याच हिशोबानं येत नाही. कधी म्हशीचं जास्त येतं, कधी एखाद्या गावाची गाडीच येत नाही. सुपरवायझर रजेवर गेला की बदली माणूस सकाळी साडेपाचला मालकाला फोन करून विचारणार, "आज हजार गाईचं आणि सहाशे म्हशीचं आहे, घालू का सगळं?" मालकाला भिंतीवर लावायला एक तक्ता हवा होता. आजचं गाईचं दूध आडवं बघायचं, म्हशीचं उभं बघायचं, दोन्ही जिथे मिळतात तिथे बोट ठेवायचं. बोट चालणाऱ्या भागात पडलं तर टाकीत घालायचं, नाही तर नाही. मालकाची पुतणी बारावी कॉमर्सला. दिलेल्या अटी पाळून सगळ्यात फायद्याचं उत्तर आलेखावर शोधायचा, ज्याला सगळे एलपीपी (लिनिअर प्रोग्रॅमिंग प्रॉब्लेम) म्हणतात तो धडा नुकताच शिकून झालेला, म्हणून तक्ता तिच्याकडे आला. तिचा शिक्षक म्हणून तिच्या आलेखाचे कागद माझ्यासमोर आले. पुढचे आकडे त्या कागदांवरचेच आहेत, फक्त सोयीसाठी गोल केलेत. लिटर आणि किलोतला फरक दोन्ही दुधांत जवळपास सारखाच पडतो, त्यामुळे तो धरलेला नाही.

गाईचं दूध ग लिटर, म्हशीचं म लिटर मानू. मिश्रणात फॅट किती? ३.५ग + ६.५म भागिले ग + म. हे किमान ४.५ हवं. ग + म ही बेरीज धन आहे, त्यामुळे तिनं दोन्ही बाजूंना गुणलं तरी चिन्ह फिरत नाही:

३.५ग + ६.५म ≥ ४.५ग + ४.५म

२म ≥ ग, म्हणजेच ग − २म ≤ ०

मुलीनं इथवर अगदी बिनचूक केलं होतं. गडबड सुरू झाली ती रेषा काढताना.

वर्गात शिकवलेली रीत अशी: ≤ च्या जागी = घाला, ग ला शून्य करून एक बिंदू काढा, म ला शून्य करून दुसरा काढा, दोन्ही जोडा. इथे ग = ० घातलं की म = ० येतं. म = ० घातलं की ग = ० येतं. दोन्ही वेळा हाती एकच बिंदू, आणि एका बिंदूतून रेषा कशी काढणार? पुस्तकातली बहुतेक उदाहरणं २ग + ३म ≤ १२ अशा ठशाची असतात, त्यामुळे अक्षांवरचे दोन छेदबिंदू मिळणारच असं मुलं गृहीत धरतात. उजवीकडचा आकडा शून्य असेल तर रेषा आरंभबिंदूतून जाते, आणि मग दुसरा बिंदू आपणच निवडायचा असतो: ग = १००० घ्या, म = ५०० येईल. ही रेषा म्हणजे सुपरवायझरचा "दोनास एक". पिअर्सनच्या चौकोनानं जे गुणोत्तर दिलं, तेच आलेखावर तिरपी रेषा होऊन बसलं.

दुसरा घोटाळा बाजू ठरवताना झाला. तिनं (०, ०) हा बिंदू घालून बघितला. ० − ० ≤ ०, खरं आहे. मग आरंभबिंदू ज्या बाजूला तीच बाजू घ्यायची, पण आरंभबिंदू तर रेषेवरच! शेवटी ≤ म्हणजे 'खालचा भाग' असा जो समज मुलांत पसरलेला असतो, त्याच्या भरवशावर तिनं रेषेखालचा भाग पेन्सिलीनं रंगवला आणि कागद काकांच्या टेबलावर ठेवला.

मालकाला आलेख वाचता येत नव्हता, पण दूध कळत होतं. रंगवलेल्या भागात बोट ठेवून त्यानं विचारलं, "हे काय आहे?" आडवे १०००, उभे २००. हजार लिटर गाईचं आणि दोनशे म्हशीचं. त्यानं कॅल्क्युलेटर काढला: ३५०० आणि १३०० मिळून ४८००, भागिले १२००. फॅट ४.०.

"हे चालतंय म्हणतीस?"

"काका, मी शून्य-शून्य टाकून बघितलं. बरोबर येतंय."

"अगं, टाकीत दूधच नाही, मग फॅट कुठलं बघतीस?"

गणिताच्या तासाला यापेक्षा नेमकं उत्तर मला देता आलं नसतं. मूळ भागाकारात ग + म शून्य झालं की फॅटच्या टक्केवारीला अर्थच उरत नाही. असमानता गुणून सरळ केल्यावर रिकामी टाकीही 'पास' होऊन जाते, आणि पास झाली तरी कुठली बाजू बरोबर हे काही ती सांगत नाही. चाचणीचा बिंदू रेषेवरचा नसावा. इथे तो शोधायलाही लागत नाही. (१०००, ०) म्हणजे निव्वळ गाईचं दूध. त्याचं फॅट ३.५, ते नापास हे गोठ्यातलं पोरही सांगेल. असमानतेत घालून बघा: १००० ≤ ०, खोटं. म्हणजे आडव्या अक्षाकडची बाजू बाद, चालणारा भाग रेषेच्या वर. ग − २म ≤ ० पासून म एकटा काढतानाही हेच दिसतं: −२म ≤ −ग, ऋण दोननं भागलं की चिन्ह उलटतं, म ≥ ग/२. ≤ चं चिन्ह आणि 'खाली' यांचं नातं म च्या आधी धन सहगुणक असेल तेवढ्यापुरतंच.

आता सुपरवायझरचा चौकोन आणि पुतणीचा आलेख यांतला फरक सांगता येईल. चौकोन फक्त रेषा देतो. म्हशीचं दूध दोनास एकपेक्षा जास्त असेल तर काय, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते सुपरवायझरच्या डोक्यात असतं, आणि तो रजेवर गेला की डोकंही रजेवर जातं. असमानता ही बाजू कागदावर आणते. हजार गाईचं आणि सहाशे म्हशीचं? बिंदू रेषेच्या वर, बिनधास्त घाल.

रेषा सलग काढायची की तुटक, हा प्रश्न परीक्षेत एका गुणाचा. इथे त्यावर दूध घेणं-नाकारणं ठरतं. 'किमान ४.५' म्हणजे बरोबर ४.५ चालतं, म्हणून रेषा सलग. पण याच डेअरीच्या संकलन केंद्रात गाईच्या दुधासाठी भिंतीवर पाटी आहे: एसएनएफ ८.५ पेक्षा कमी असल्यास दरात कपात. ही पाटी आलेखावर काढायची तर कपातीचा भाग रंगवायचा आणि त्याची कड तुटक ठेवायची, कारण बरोबर ८.५ वाल्या शेतकऱ्याला कपात नाही. रेषा एकच, पण ती पूर्ण दराच्या बाजूला मोडते, कपातीच्या बाजूला नाही. कुठलीही सीमारेषा दोन भागांपैकी एकाच्याच मालकीची असते, आणि सलग-तुटक हे त्या मालकीचं चिन्ह आहे. मुलांना हा नियम पाठ असतो, पण तो कपातीच्या पाटीवर लावून बघितल्याशिवाय त्यामागचं भांडण कळत नाही. ८.५० आणि ८.४९ मधल्या फरकावरून केंद्रावर किती आवाज चढतात, ते एकदा सकाळी जाऊन ऐकावं.

जानेवारीचा कागद

पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर येण्याच्या दिवसांत, डेअरीला गाईचं १८०० आणि म्हशीचं ७०० लिटरपर्यंत दूध मिळतं. टाकी २००० लिटरची. गाईच्या दुधाचा एसएनएफ ८.४, म्हशीच्या दुधाचा ९.०. मग अटी अशा उभ्या राहतात: फॅटसाठी ग ≤ २म, टाकीसाठी ग + म ≤ २०००, पुरवठ्यासाठी ग ≤ १८०० आणि म ≤ ७००. एसएनएफसाठी ८.४ग + ९म ≥ ८.५ग + ८.५म, सोडवलं की ०.५म ≥ ०.१ग, म्हणजे ग ≤ ५म. दोन्ही चलं अर्थातच शून्य किंवा जास्त.

एकाच कागदावर पाच अटींचे पाच भाग रंगवले की चिखल होतो. म्हणून भिंतीवरच्या तक्त्यासाठी मी उलटं सांगतो: जे चालत नाही ते काट मारून टाका, कोरं राहील ते आपलं. पुस्तकाची रीत याच्या विरुद्ध आहे आणि परीक्षेत तीच वापरावी. पण पहाटे साडेपाचला पिवळ्या बल्बखाली उभ्या असलेल्या माणसाला कोरा भाग पटकन दिसतो.

काट मारून झाल्यावर उरतो चौकोन: (०, ०), (०, ७००), (१३००, ७००) आणि फॅटची रेषा टाकीच्या रेषेला जिथे कापते तो बिंदू, साधारण (१३३३, ६६७). गाईच्या पुरवठ्याची उभी रेषा या चौकोनापर्यंत पोचतच नाही. एसएनएफची रेषाही नाही, ती फॅटच्या रेषेच्या बरीच खाली पडून आहे. जे दूध फॅटला पास ते एसएनएफला आपोआप पास. मुलीनं विचारलं, या दोन रेषा खोडू का? मी ठेवायला सांगितल्या. का ते उन्हाळ्यात कळेल.

टाकी पूर्ण भरायची तर (१३००, ७००) पासून (१३३३, ६६७) पर्यंतच्या तुकड्यावर कुठेही राहता येतं. म्हशीचं दूध लिटरमागे २० रुपये महाग धरलं, तर या दोन टोकांत ३३ लिटरचा फरक, म्हणजे दिवसाला ६६० रुपयांच्या आसपास. स्वस्त टोक अर्थातच फॅटच्या रेषेवरचं. एलपीपीच्या धड्यात उत्तर कोपऱ्यावर का सापडतं, याचं कारण इथे रुपयांत दिसतं: जिथवर सूट आहे तिथवर पैसा माणसाला ओढत नेतो, आणि अडतो तो रेषेवर.

सुपरवायझर रजेवरून आला, तक्ता बघितला आणि म्हणाला, "मालक, कडंला जायचं नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. दूध तपासायच्या यंत्राची अचूकता फॅटसाठी साधारण ०.१ टक्का इकडेतिकडे असते. यंत्राचा ताळा घ्यायला तो अधूनमधून गर्बर पद्धत करतो: ब्यूटिरोमीटरमध्ये, म्हणजे फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, १० मिली गंधकाम्ल, त्यावर कडेनं हळूच १०.७५ मिली दूध, १ मिली अमाईल अल्कोहोल, बूच, हलवणं, सेंट्रिफ्यूज, आणि मग नळीच्या खुणांवर फॅटचा पिवळसर स्तंभ वाचायचा. त्यातही डोळा थोडा वरखाली झाला की आकडा बदलतो. आपण ज्याला ४.५ म्हणतो ते ४.४ असू शकतं, आणि नमुना घेऊन जाणारा अधिकारी आपलं यंत्र घेऊन येत नाही.

म्हणून त्यानं ४.६ धरायला सांगितलं. असमानता होते १.९म ≥ १.१ग, म्हणजे ग साधारण १.७३म पर्यंतच. रेषा आरंभबिंदूभोवती थोडी वर फिरली. टक्केवारीची अट बदलली की रेषा अशी फिरते. टाकीची अट बदलली असती तर तिची रेषा स्वतःला समांतर सरकली असती. दोन्ही रेषाच, पण चाल वेगळी. नव्या रेषेवर म्हशीचं पूर्ण ७०० लिटर घातलं तरी गाईचं १२०९ लिटरच मावतं, एकूण १९०९. टाकीत ९१ लिटर जागा रिकामी. ०.१ टक्क्याच्या निर्धास्तपणाची ही रोजची किंमत, आणि मालकानं ती फारशी कुरकुर न करता मान्य केली.

एप्रिलचा कागद

उन्हाळ्यात म्हशी आटल्या, म्हशीचं दूध ४५० लिटरवर आलं, गाईचं १४०० वर. हिरवा चारा कमी, ऊन जास्त, एसएनएफ उतरला. गाईचा ८.३, म्हशीचा ८.८. फॅट तेवढंच राहिलं. बदली माणसानं जुनाच तक्ता वापरला आणि साध्या "दोनास एक"नं ४५० च्या जोडीला ९०० घालायचं ठरवलं. फॅट बरोबर ४.५ येतं. मग एसएनएफ?

८.३ × ९०० + ८.८ × ४५० = ११४३०, भागिले १३५०: ८.४७. एका दशांशापर्यंत लिहिलं तर ८.५ दिसतं, आणि तसं लिहिणारे असतात. पण ८.४७ नापास आहे.

नवी असमानता मांडली की कारण दिसतं. ०.३म ≥ ०.२ग, म्हणजे ग ≤ १.५म. जानेवारीत ग ≤ ५म म्हणून खाली झोपलेली रेषा आता फॅटच्या रेषेला ओलांडून वर आली. आता फॅटची रेषाच बिनकामाची झाली. चालणारा भाग उरला एका त्रिकोणाएवढा: (०, ०), (०, ४५०), (६७५, ४५०). एकूण दूध जास्तीत जास्त ११२५ लिटर, ज्यात फॅट ४.७ येतं, गरजेपेक्षा जास्त, आणि एसएनएफ बरोबर ८.५. टाकीची रेषा इतकी दूर राहिली की कागदावर काढली काय आणि नाही काय. अशा वेळी जानेवारीत दोन रेषा खोडल्या असत्या, तर एप्रिलच्या कागदावर कुठली रेषा जागी झाली हे शोधायला पहिल्यापासून मांडणी करावी लागली असती.

फॅटला ०.१ ची सूट ठेवली, म्हणजे किमानपेक्षा तेवढं जास्त धरलं, तशीच एसएनएफलाही ठेवू, असं मुलीनं सुचवलं. ८.६ धरून मांडलं तर ०.२म ≥ ०.३ग, म्हणजे ग फक्त ०.६७म. ४५० म्हशीच्या जोडीला ३०० गाईचं, एकूण ७५०! जानेवारीत त्याच ०.१ नं ९१ लिटर गेले होते, इथे ३७५ गेले. तिला वाटलं आकडेमोड चुकली. चुकली नव्हती. दोन दुधांच्या फॅटमध्ये तीन टक्क्यांचं अंतर आहे, एसएनएफमध्ये जेमतेम अर्ध्या टक्क्याचं. हवा असलेला आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. मधली जागाच अर्धा टक्का असेल, तर तिथे ०.१ सरकणं म्हणजे पाचवा हिस्सा सरकणं. फॅटच्या तीन टक्क्यांत तेच ०.१ तिसाव्या हिश्श्याएवढं. ज्या दोन गोष्टी एकमेकींसारख्या असतात, त्यांच्या मिश्रणाची सीमारेषा चिमूटभर बदलानंही मोठी फिरते. या प्रकरणातून मला स्वतःला सगळ्यात जास्त रस वाटला तो या जागी, आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकात ही गोष्ट रेषेच्या चढाच्या धड्यात ठेवावी अशी आहे.

शेवटी सूट ०.०५ ठेवायचं ठरलं. ८.५५ धरलं की ०.२५म ≥ ०.२५ग, सरळ ग ≤ म. एकास एक. ४५० आणि ४५०, मिळून ९०० लिटर. बदली माणसाला लक्षात ठेवायलाही सोपं. एसएनएफसाठी अर्ध्या दशांशाची सूट पुरेशी आहे का, यावर सुपरवायझर आणि मालक यांचं एकमत झालं नाही. सुपरवायझरच्या मते मिश्र दुधाचा धंदाच उन्हाळ्यात अर्ध्यावर आणावा. दूध भुकटी घालून एसएनएफ चढवायचा पर्याय निघाला, पण तो दुधाच्या वेगळ्या प्रकारात जातो, आणि आलेखावर तिसरा अक्ष मागतो. भिंतीवरच्या कागदाला तिसरा अक्ष परवडत नाही.

राहिलं गाईचं ९५० लिटर. ते 'गाईचं दूध' म्हणून वेगळ्या पिशवीत विकायचं तर मानक किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ. फॅटला जागा होती, एसएनएफ मात्र बरोबर रेषेवर. रेषा सलग, म्हणजे कागदावर पास. मालकानं एक दिवस विचार केला आणि ते दूध टँकरनं मोठ्या प्रकल्पाला पाठवायला सुरुवात केली, लिटरमागे थोडा कमी दर घेऊन.